पाचवी रायफल

शनिवार, १८ ऑक्टोबर २००३. सकाळी साडेदहा. स्थळ : डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियातलं वॉल्टचं बंदूकदुरुस्तीचं दुकान. हजर : आप्पा लोहार, सहा आठवडे कोल्हापूरला राहून परत आलेले; दुकानाचा मालक वॉल्ट; शाळेची बस चालवणारा डेल, गिऱ्हाईक; आणि मी, आप्पांना गाडीने आणणारी त्यांची शेजारीण. गैरहजर : चार रायफली.

यातली शेवटची नोंद मी संध्याकाळी घातली. सकाळी कुणी गैरहजर आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या दोन वर्षं आधी, नदीच्या अलीकडे, वेस्ट विंडसरमध्ये, आमच्या टाउनहाउसांच्या रांगेत. शेजारच्या मंगलच्या दारात एक वाळकुडे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दाराची मूठ धरून डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, चक्कर आली असावी. सामानाच्या पिशव्या खाली ठेवून मी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय? दार आजारी हाय," डोळे न उघडता ते म्हणाले. "वरची बिजागरी अर्धा सूत खाली आलीया. उघडताना कळत न्हाई, मिटताना कळतंय."

ही त्यांची सवयच होती. कुठलीही गोष्ट दुसऱ्या गोष्टीत नीट बसते की नाही हे बघायचं असलं, की ते डोळे मिटत. डब्याचं झाकण, खुर्चीचा पाय, माझ्या गाडीच्या सीटबेल्टचं बक्कल. "डोळं लबाड असत्यात वो ताई. त्यास्नी जे बघायचं असतंय तेच दिसतंय. बोटाला काय नको असतंय, म्हणून ते खरं बोलतंय." आणि जिथे बोट पोचत नाही तिथल्यासाठी त्यांच्या शर्टाच्या खिशात एक तार असे. जुन्या सायकलचा स्पोक, टोकाला वाकवून घासून धार केलेला. पोकळ वस्तू हाती आली की तार आत जाई. मंगल वैतागायची. "आप्पा, लोकांच्या घरी फुलदाणीत नका ना घालू ती!"

आप्पांनी कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली होती. पिकात डुकरं घुसतात म्हणून परवान्याच्या बंदुका बाळगणारे शेतकरी आपली दुरुस्ती त्यांच्याकडेच आणत. बायको गेल्यावर मंगलने, त्यांच्या लेकीने, त्यांना इकडे बोलावून घेतलं. मंगल नर्स. तिच्या हॉस्पिटलात वॉल्टच्या पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा बिछान्यावर पडल्या पडल्या तो आपल्या बंद पडलेल्या लेथबद्दल कुरकुर करत होता. तिने ते घरी येऊन सांगितलं. पुढच्या शनिवारी आप्पा लेथ बघायला गेले आणि दुरुस्त करून आले. त्याच्या पुढच्या शनिवारी वॉल्टने त्यांना कामावरच ठेवलं. शनिवारी मंगलची ड्यूटी असे, आप्पांना गाडी चालवता येत नसे, आणि माझा मुलगा कॉलेजला गेल्यापासून माझे शनिवार मोकळे होते. म्हणून जाऊन येऊन दीड तासाचं ते सारथ्य माझ्याकडे आलं.

मंडळाच्या एका पॉटलकला कुणीतरी म्हणालंच, "काका, तुम्ही गन्स रिपेअर करता? आपल्या लोकांत? बापरे!"

"मी घरं दुरुस्त करतो," आप्पा म्हणाले आणि पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं. "काडतुसाची."

ते घर म्हणजे काय, हे मला गाडीतच कळलं. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसतं ती पोकळी म्हणजे चेंबर. मागून बोल्ट, म्हणजे ती पोकळी मिटणारी सरकती कडी, बंद झाला की काडतुसाला हलायला किती जागा उरते, ती हेडस्पेस. ही जागा मोजायची ती थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. काडतूस आत खुळखुळलं तर बार उडताना पितळी पुंगळी पुढे चिकटून बसते आणि मागे ताणली जाते. "बूट सैल असला की काय हुतंय? पुढं काय न्हाई हुत. टाच सोलती. पुंगळीचं बी तसंच. मागनं फाटती. आणि मागं कोण असतंय? आपला डोळा."

माझी नोकरी औषधांच्या कंपनीत, क्वालिटी विभागात. कागद, तपासणी, सही, तारीख. वॉल्टच्या दुकानात नुसतं बसून राहणं मला जमेना. पहिल्या महिन्यात मी त्याच्या गेजांना लेबलं लावली, दुसऱ्या महिन्यात रजिस्टर सुरू केलं. वॉल्ट मला लिस्ट लेडी म्हणू लागला. २००३च्या उन्हाळ्यात मी तपासणीचा एक फॉर्म केला आणि लॅमिनेट करून लेथच्या वर टांगला. रायफल दुकानाबाहेर जाण्याआधी दोन खुणा व्हायलाच हव्यात : 'गो' गेज, म्हणजे कमीत कमी मापाचं खोटं काडतूस, घातलं की बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो', म्हणजे जरा लांब मापाचं गेज घातलं की बंद होता कामा नये. सोपं, स्वच्छ. मला त्याचा अभिमान वाटत होता.

आप्पांनी तो फॉर्म खालून वर वाचला. "भिंतीला शोभतोय. पण ताई, सुधारलेल्या घराला ह्यो चालायचा न्हाई. त्याला येगळा कागद करा."

सुधारलेलं घर म्हणजे 'इम्प्रूव्ह्ड' काडतुसासाठी नव्याने कोरलेलं चेंबर. रायफल तीच, पण चेंबरच्या भिंती रीमरने, म्हणजे घर कोरायच्या हत्याराने, जरा रुंद आणि सरळ करायच्या. मग त्यात साधंच काडतूस उडवलं की पितळ फुगून नव्या घराचा आकार घेतं, आणि पुढच्या वेळी त्यात जास्त दारू मावते. शिकारीच्या मोसमाआधी हौशी मंडळी हे काम करून घेत. यातली मेख अशी, की पहिल्या बाराला साधं काडतूस या रुंद घरात फक्त मानेपाशी टेकतं. तिथे ते घट्ट धरलं गेलंच पाहिजे. म्हणून नळी आधी लेथवर थोडी कापून, मागे सरकवून बसवायची आणि मगच कोरायची, ती नेहमीपेक्षा चार थाऊ आखूड. अशा घरात साध्या 'गो' गेजवर बोल्ट बंद होता कामा नये. बाकीच्या रायफलींत जे पास, ते इथे नापास.

मी माझ्या यादीत लिहून घेतलं : 'सात. सुधारलेल्या चेंबरसाठी वेगळा फॉर्म. आप्पांना विचारून.' सहा आणि आठ त्याच आठवड्यात झाले. सात राहिलं.

सप्टेंबरात आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला गेले. निघताना त्यांनी रीमर सामानात भरायला घेतला होता. मंगल ओरडली, "आप्पा, एअरपोर्टवर तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही आत टाकतील!" त्यांनी तो काढला, तेलकट फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातून वॉल्टच्या खणात परत पाठवला. खणाला कुलूप नव्हतं.

आता त्या शनिवारकडे येते.

आम्ही पोचलो तेव्हा डेल काउंटरवर टेकून उभा होता. नवी रायफल केवढी सरळ जाते याचं वर्णन चाललं होतं. आप्पांना पाहून त्याने खिशातून तीन रिकाम्या पुंगळ्या काढल्या आणि पोराचा फोटो दाखवावा तशा काउंटरवर मांडल्या. "बघ ॲपा, काय सुंदर फुगल्यात! वॉल्टने स्वतः केलं हे काम. तुझी नोकरी गेली बघ आता!"

वॉल्ट हसला. "मोसम तोंडावर आलाय, थांबणार किती? पण सगळं फॉर्मप्रमाणे केलं हं. लिस्ट लेडीला विचार."

आप्पा पण हसले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर काळा चष्मा होता, तो त्यांनी काढला नाही. एक पुंगळी उचलली, खिशातली तार काढली, आत घातली आणि हळूहळू वर ओढली. तार तळापासून थोडं अंतर आली आणि अडली. त्यांनी पुन्हा आत घातली. पुन्हा तिथेच अडली. दुसरी पुंगळी घेतली. तिसरी घेतली. 

"करवत," आप्पा म्हणाले.

त्यांनी पुंगळी बाकावरच्या लोखंडी शेगड्यात आवळून उभी चिरली आणि दोन्ही अर्धुकं उजेडात ठेवली. बाहेरून पितळ चकचकीत, निर्दोष. आत, तळाच्या थोडं वर, सगळीकडून फिरलेली एक चर. कुणी नखाने कोरावी तशी. चरीपाशी पितळ कागदाएवढं उरलं होतं.

"नो गुड," आप्पा म्हणाले. "व्हेरी नो गुड."

डेलने ते अर्धुक उचललं, वाकवून पाहिलं. चरीवर ते सहज मोडलं. त्याने नकळत उजव्या गालाला हात लावला. रायफल तिथेच टेकवतात. "तू कधी फुटताना पाहिलंयस, ॲपा?"

मी भाषांतर करायच्या आत आप्पांनी मान हलवली. पाहिलंय.   

मग त्यांनी माझ्या फॉर्मकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मराठीत विचारलं, "ताई, सात नंबर केलासा का?"

"नाही."

"हं."

एवढंच. वॉल्टने रीमर घातला होता, 'गो' गेजवर बोल्ट बंद होईपर्यंत कोरलं होतं, 'नो-गो'वर बंद होत नाही हे पाहिलं होतं, दोन खुणा केल्या होत्या, सही ठोकली होती. वॉल्टला चाळीस वर्षांचा अनुभव. नेहमीच्या कामात तो कधी चुकला नसता. पण असलं काम गेली दोन वर्षं तो आप्पांवर सोपवून मोकळा झाला होता आणि भिंतीवरचा कागद ठामपणे सांगत होता की बरोबर आहे. कागद माझा होता.

रजिस्टर काढलं. सहा आठवड्यांत अशा पाच रायफली गेल्या होत्या. पहिली डेलची, ती समोर होती. मोसम सुरू व्हायला सहा आठवडे. पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी पहाटे हजारो माणसं रायफली घेऊन रानात बसतात. त्यातली चार आमची.

 परतीच्या वाटेवर, नदी मागे पडल्यावर आप्पा म्हणाले, "मी रीमर बरूबर न्यायला पायजे हुता."

"आप्पा, चूक माझी आहे."

"तुमची हाय. माझी बी हाय. वॉल्टची बी हाय. वाटून घिऊन हलकी हुत न्हाई ती." थोड्या वेळाने पुन्हा, "याद्या करता न्हवं तुम्ही? करा आता."

मी यादी केली. दुसरी रायफल सोमवारी फोनवर सापडली, मंगळवारी आली. तिसरीच्या मालकाने फोनवर मला शिव्या घातल्या आणि गुरुवारी रायफल आणली. चौथीसाठी मी आणि आप्पा डोंगरात अडीच तास गाडी हाकत गेलो. म्हातारी दारात आली, म्हणाली नवरा रेंजवर, नेमबाजीच्या मैदानावर गेलाय, रायफलीचा नेम जुळवायला. आप्पांना इंग्रजी फारसं कळत नसे, पण 'रेंज' कळलं. ते माझ्याआधी गाडीत जाऊन बसले. आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस चौथा बार भरत होता. आप्पा त्या मातीतून धावत गेले. सत्तरीचा माणूस, डोळ्यावर काळा चष्मा, दोन्ही हात वर, "स्टॉप! नो गुड! स्टॉप!" ओरडत. त्या माणसाने आधी रायफल त्यांच्याकडेच वळवली, मग खाली ठेवली. त्याच्या तीन पुंगळ्यांपैकी एकीला बाहेरूनसुद्धा केसासारखी रेघ दिसत होती.

पाचवी मात्र गेली होती. जॉर्ज नावाच्या निवृत्त सुताराची होती ती. त्याने दुकानातून नेली आणि आठवड्यातच एका गन शोमध्ये, बंदुकांच्या बाजारात, टेबलावरून एका अनोळखी माणसाला विकून टाकली. खांदा दुखतो, आता शिकार झेपत नाही म्हणाला. कुणाला दिली? लाल टोपी होती. दाढी होती. बहुधा ओहायोचा, पण नक्की नाही. कागद काही नाही. तिथे दोन माणसांच्या आपसातल्या व्यवहाराला तो लागतही नाही.

"खूण काय?" आप्पांनी मला विचारायला लावलं. जॉर्ज म्हणाला, खूण तुम्हालाच माहीत असायला हवी. दस्त्याचा कोपरा मोडला होता, तो तुमच्याच म्हाताऱ्याने गेल्या वर्षी जोडून दिलाय.

आप्पांनी डोळे मिटले. अंगठा हवेत फिरवला. "शंकरपाळ्यागत तुकडा. उजव्या अंगाला, खाली. काळा अक्रोड, बाकीच्यापेक्षा गडद. आली ध्यानात."

वॉल्टने सरकारी कचेरीत कळवलं, रायफल बनवणाऱ्यांना कळवलं, आसपासच्या तीस-चाळीस दुकानांत मी पत्रकं पाठवली : रायफलीचा नंबर, खूण, दुकानाचा फोन, 'ही रायफल उडवू नका'. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं दुकानात फोनपाशी बसलो. फोन चारदा वाजला. एकदा वॉल्टची बहीण, दोनदा गिऱ्हाइकं, एकदा कुणीच बोललं नाही. त्या चौथ्या फोननंतर आप्पांनी दिवसभर काही खाल्लं नाही.

तिथून आमचे शनिवार बदलले. महिन्यातून एक-दोन शनिवार कुठल्या तरी गावी, शाळेच्या जिममध्ये नाहीतर फायरहाउसच्या हॉलमध्ये, गन शो. लांबच लांब टेबलं, त्यावर ओळीने रायफली. आप्पा टेबलाच्या कडेने जात, डोळे मिटून, अंगठा दस्त्यांच्या उजव्या कोपऱ्यावरून फिरवत. माणसं बघत राहत. एक दाढीवाला विक्रेता मला हळूच म्हणाला, "तुझे वडील आंधळे आहेत का?"

मी आप्पांना सांगितलं. "त्याला सांगा," ते म्हणाले, "आंधळा असतो तर आतापातूर घावली असती."

२००४ गेलं, २००५ गेलं. दर मोसमाच्या पहिल्या सोमवारी आम्ही फोनपाशी. मी एकदा म्हटलं, "आप्पा, काही घडलं असतं तर कळलं असतं एव्हाना. कदाचित त्याने ती उडवलीच नसेल. कपाटात असेल."

"कपाटात ती काय मरत न्हाई," आप्पा म्हणाले. "घर तसंच ऱ्हातंय. माणूस ईसरतो, लोखंड ईसरत न्हाई. त्याचा पोरगा काढंल, त्याचा नातू काढंल. चांगली दिसती ना ती, हीच तर पंचाईत हाय."

सात नंबर मी त्याच ऑक्टोबरात केला होता. वेगळा फॉर्म, लाल कागदावर, पहिलंच वाक्य : 'साध्या गो गेजवर बोल्ट बंद झाला तर रायफल बाहेर जाणार नाही.' आप्पांनी तो खालून वर वाचला, अंगठ्याने कोपरा दाबला आणि म्हणाले, "आता ह्यावर बी इश्वास ठिऊ नगा."

२००६च्या हिवाळ्यात त्यांनी दुकानात एक पुंगळी हातात घेतली, तार घातली, ओढली आणि वॉल्टला म्हणाले, चांगली आहे. वॉल्टने तीच पुंगळी चिरली. आत चर होती.  घरी येताना आप्पा हाताची बोटं एकमेकांवर घासत होते. साखरेच्या आजाराने बोटांच्या शेंड्यांची जाणीव गेली होती. मंगलने नंतर सांगितलं, ते वर्षभर लपवत होते. चहाचा कप भाजतो हे त्यांना कळत नव्हतं. म्हणजे गेले कित्येक शनिवार तो अंगठा टेबलांवरून फिरत होता आणि त्याला काही लागत होतं की नाही, देव जाणे. पाचवी त्याच्याखालून निघूनही गेली असेल.

हे माझ्या मनात आलं तसं त्यांच्याही आलं असणार.  पुढच्या शनिवारी गाडीत बसताच त्यांनी ती तार माझ्या पर्समध्ये टाकली.

"मिटा डोळं."

"आप्पा, मी गाडी चालवतेय."

"मग थांबवा."

मी गॅस स्टेशनच्या कडेला गाडी लावली. त्यांनी खिशातून दोन पुंगळ्या काढून माझ्या हातात दिल्या. एक धड, एक वाईट. अर्धा तास मी डोळे मिटून तार ओढत राहिले. पहिल्यांदा दोन्ही सारख्याच वाटल्या. मग एकीत काहीतरी लागलं. अगदी थोडं. जिभेला केस लागावा तसं.

"घावली?"

"घावली."

"आता ईसरायचं न्हाई. तुमचं बोट नवं हाय, याद्यांनी खराब करू नगा."

त्यांचं शेवटचं काम अजून दुकानात आहे. त्याच जातीच्या रायफलीची नवी नळी त्यांनी वॉल्टकडून मागवून घेतली, घर बरोबर चार थाऊ आखूड कोरलं, वॉल्टकडून तपासून घेतलं, माझ्याकडून तपासून घेतलं. स्वतः मात्र नुसता हात ठेवला. नळीला ग्रीस लावलं, फडक्यात गुंडाळली आणि लेथमागच्या खिळ्याला टांगली. चिठ्ठीवर मराठीत लिहिलं : 'पाचवी'. रायफल सापडेल तेव्हा जुनी नळी काढायची, ही बसवायची, पुन्हा तपासायची. त्या रायफलीच्या बोल्टप्रमाणे घर कोरायचा शेवटचा हात मारावा लागेल, तो वॉल्टने मारायचा.

२००७च्या फेब्रुवारीत ते गेले. हॉस्पिटलात मंगल हात धरून बसली होती. मी गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मला क्षणभर वाटलं, काहीतरी नीट बसलंय की नाही ते बघताहेत. त्यांनी आवाज ओळखला. "सोमवारी फोनपाशी बसत जा," म्हणाले. मोसम संपून दोन महिने झाले होते. मी हो म्हटलं.

आता नोव्हेंबर २००८. वॉल्टचा पाय पुन्हा बिघडलाय, तो दुकान विकायच्या गोष्टी करतो. मी त्याला सांगितलंय, खिळ्यावरची नळी विकायची नाही. गेल्या शनिवारी मी एकटीच एका फायरहाउसमध्ये गेले होते. डोळे मिटून टेबलांच्या कडेने चालले. लोकांनी बघायचं ते बघितलं. शंकरपाळ्यासारखा तुकडा अंगठ्याला लागला नाही. पुढच्या शनिवारी लेहाय नदीकाठच्या गावात शो आहे. त्यानंतर पहिला सोमवार. रजेचा अर्ज दिला आहे.

यादीत एक, दोन, तीन आणि चारपुढे खुणा आहेत. पाचपुढचा चौकोन रिकामा आहे.